शुगर कुणाची, निर्णय कुणाचा?

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. १० कोटी १० लाख भारतीय मधुमेही, आणखी १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर, तिथे प्रौढांपैकी २६.४ टक्के. एवढ्या माणसांची रोजची शुगर डॉक्टरांच्या तपासणीखोलीत सांभाळली जाणार नाही, हे उघड आहे. ती घरात, शेतावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सांभाळली जाते किंवा बिघडते. म्हणून रुग्णाला किती कळलेलं असावं आणि त्याने स्वतःच्या अकलेने किती करावं, हा माझ्या मते या आजारातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, औषधांच्याही आधीचा.

त्याची दोन उत्तरं सतत कानावर येतात आणि दोन्ही देणारी माणसं तळमळीची असतात. पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले डॉक्टर साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहेत. बाई त्यांना शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मधुमेह त्याआधीपासूनचा, आता दोन वेळा इन्सुलिन घेतात. दर गुरुवारी वाचनालयाच्या खोलीत शुगर असलेल्यांना जमवून त्यांच्याशी बोलतात. डॉक्टरांना हे पुरतं पटलेलं नाही. मला कोण पटतं ते मी लपवणार नाही, पण डॉक्टरांची बाजू लंगडी करून मांडायची नाही, एवढं पथ्य पाळलं आहे.

डॉक्टर : बाई, स्पष्ट बोलतो. परवा एक गृहस्थ आले, मेटफॉर्मिन बंद करून. का, तर म्हणे त्या गोळीने किडनी जाते. मोबाइलवर पाहिलं. तीन महिन्यांची शुगर सव्वासातवरून साडेनऊवर गेलेली. आणि वर ठासून सांगतात, ‘मी माहिती काढली आहे.’ ज्याला काहीच माहीत नाही तो निदान गोळी तरी घेतो हो. अर्धवट कळलेल्याचं मी काय करू?

बाई : मेटफॉर्मिन सुरू करताना तू त्यांना काय सांगितलं होतंस?

डॉक्टर : जेवणानंतर, सकाळ-संध्याकाळ एक.

बाई : बस? मग किडनीचा विषय त्यांच्याशी पहिल्यांदा काढला तो मोबाइलने. अरे, किडनी आधीच फार थकली असेल तर ही गोळी कमी करतात किंवा थांबवतात. गोळीमुळे किडनी थकत नाही. कुणीतरी हे उलटं धरलं आणि ते गावभर झालं. तू पहिल्याच दिवशी सरळ करून सांगितलं असतंस तर त्यांनी मोबाइलचं ऐकलं नसतं.

डॉक्टर : बाहेर सत्तर-ऐंशी माणसं बसलेली असतात, बाई. वाट्याला येतात दोन-तीन मिनिटं. त्यात रिपोर्ट बघायचा, बीपी घ्यायचं, पाय बघायचे, गोळ्या लिहायच्या. सांगत बसलो तर शेवटचा पेशंट रात्री अकराला घरी जाईल, तोही बारा किलोमीटरवरच्या वाडीत.

(वेळेची ही तक्रार खरी आहे. रुग्ण म्हणून आपण ती बहाणा समजतो, तसा तो नाही. पण वेळ नाही म्हणून जे सांगायचं राहतं, ते दुसरं कुणीतरी सांगतंच. ती जागा रिकामी राहत नाही.)

डॉक्टर : आणि माझी सोय बाजूला ठेवा. शिकवल्याने शुगर उतरते याला पुरावा काय? ब्रिटनमध्ये डेस्मंड नावाचा कार्यक्रम झाला. नव्याने मधुमेह निघालेले ८२४ रुग्ण. निम्म्यांना सहा तास नीट आखून शिकवलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २००८ मध्ये निकाल आला. वर्षाअखेर दोन्ही गटांची तीन महिन्यांची शुगर जवळपास सारखीच उतरली होती. शिकवलेल्यांचं वजन थोडं जास्त घटलं, सिगारेटी सुटल्या, आजाराची समज वाढली. पण ज्यासाठी एवढा खटाटोप, त्या आकड्यात फरक नाही.

बाई : तो अभ्यास मी नाकारत नाही. उलट माझ्या वर्गात मी तो सांगते.

डॉक्टर : सांगता?

बाई : सांगते. कारण मधुमेह म्हणजे काय, स्वादुपिंड कुठे असतं, इन्सुलिन काय करतं, हे ऐकून कुणाची शुगर उतरत नाही, हे मी चाळीस वर्षं शिकवून ओळखते. पाढे पाठ झाले म्हणजे हिशेब आला असं नाही. पण त्याच ब्रिटनमधला दुसरा अभ्यास घे, डॅफ्ने. टाइप वनचे रुग्ण, म्हणजे इन्सुलिनवरच जगणारे. मूळ पद्धत जर्मनीत ड्युसेलडॉर्फची. त्यांना पाच दिवस बसवून एकच गोष्ट शिकवली : समोरच्या ताटात पिष्टमय पदार्थ किती आहेत ते ओळखायचं आणि त्या प्रमाणात इन्सुलिन आपलं आपण ठरवायचं. सहा महिन्यांनी शिकलेल्यांची सरासरी ८.४, न शिकलेल्यांची ९.४. एक पूर्ण टक्का. शुगर एकदम उतरून बेशुद्ध पडण्याचे प्रकारही वाढले नाहीत. आणि माणसं म्हणाली, आता आम्ही मनासारखं जेवू शकतो.

डॉक्टर : ते टाइप वन. वेगळा आजार.

बाई : आजार वेगळा, पण मला त्यातून काय दिसतं ते ऐक. डेस्मंडमधल्या माणसाला खूप कळलं, पण गोळीला त्याने हात लावायचा नव्हता. ती डॉक्टरच ठरवणार. डॅफ्नेमधल्याला रोज चार वेळा स्वतः ठरवायचं होतं. जिथे माणसाला काही ठरवायची मुभा आहे, तिथे ज्ञान कामाला येतं. मुभा नसेल तर ते डोक्यात नुसतं पडून राहतं.

डॉक्टर : म्हणजे मुभा द्या म्हणता. बाई, मुभेने माणसं मरतात.

बाई : बोल.

डॉक्टर : अमेरिकेतला अ‍ॅकॉर्ड घ्या. दहा हजारांवर रुग्ण, टाइप टू, हृदयाचा धोका असलेले. एका गटाची शुगर अगदी निरोगी माणसासारखी, सहाच्या खाली आणायची असं ठरलं. त्या गटात मृत्यू वाढले, म्हणून २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. आणि हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली! आता आमच्याकडचे उत्साही. शेजाऱ्याची सहा आली म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा दीड गोळी घेतात. ग्लिमेपिराइड. त्यात किडनी वयाने थकलेली, गोळी अंगात साचत राहते. पहाटे घरचे उठवायला जातात तर उठत नाहीत. असं मी पाहिलंय, एकदा नव्हे.

बाई : त्या आजोबांना त्यांचा आकडा किती असावा हे कुणी सांगितलं होतं?

डॉक्टर : …

बाई : साधारण माणसाला सातच्या आसपास, थकलेल्या वृद्धाला आठपर्यंतही चालतं, हे तुलाच माहीत. त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी शेजाऱ्याचा आकडा उचलला. हे अति ज्ञानाने झालं नाही रे. नेमकं जे कळायला हवं होतं तेवढंच कळलेलं नव्हतं.

डॉक्टर : पण आकड्याचा अर्थ लावणं पुस्तकी काम नाही. हीच तीन महिन्यांची शुगर घ्या. सिकलसेल असलेल्या माणसात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ती खोटी कमी दिसू शकते. विदर्भात, नंदुरबारकडे काम करणाऱ्या माझ्या मित्रांना हे रोज लक्षात ठेवावं लागतं. उलट लोहाच्या कमतरतेने ती खोटी जास्त दिसू शकते, आणि आपल्या बायकांत ती कमतरता घरोघर आहे. हे सगळं तुम्ही गुरुवारी शिकवणार?

बाई : नाही. हे तुझं काम. बाई आली, हिमोग्लोबिन आठ आहे, तर रिपोर्टवरून तिला बोल लावण्याआधी तू थांबायचंस. मी तिला फक्त एवढं शिकवेन की घरी बोटातून काढलेली शुगर आणि हा रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना विचार. विचारायचं धाडस, हेसुद्धा शिकवावं लागतं.

इथे मला थोडं मध्ये बोलायचं आहे. रुग्णाने स्वतः शुगर मोजायची ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट डॉक्टरांच्या मर्जीने आलेली नाही. रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा अमेरिकन इंजिनिअर १९४६ साली, बाराव्या वर्षी मधुमेही झाला. पस्तिशीच्या आत शरीर पोखरलं गेलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती. १९६९ मध्ये त्याला रक्तातली शुगर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात दिसली. किंमत साडेसहाशे डॉलर, आणि विकायचं ते फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना. त्याची बायको डॉक्टर होती, तिच्या नावाने त्याने ते मागवलं. दिवसातून पाच ते आठ वेळा मोजून, इन्सुलिन आणि जेवण बदलत बदलत त्याने शुगर सपाट केली. वैद्यकीय नियतकालिकांनी त्याचा लेख परत पाठवला. रुग्णाने घरी मोजणं त्यांना नकोच होतं. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी तो मेडिकल कॉलेजात दाखल झाला, की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकावं. पुढे १९९३ मध्ये १४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने, डीसीसीटीने, दाखवलं की शुगर घट्ट सांभाळली तर डोळ्यांचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग तिपटीने वाढतात. बाई आणि डॉक्टर दोघांचंही म्हणणं त्या एकाच निबंधात शेजारी शेजारी आहे.

डॉक्टर : बर्नस्टाइन इंजिनिअर होता. माझ्याकडे कार्तिकात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडहून, नगरहून. कोयत्यावरचा माणूस, टाइप टू, इन्सुलिनवर. पहाटे चारला फडात, न्याहारी कधी नवाला, कधी अकराला. मागे एक जण आला, फ्रीज-बिज काही नाही, पालात राहतो. गावाकडच्या डॉक्टरने त्याला वीस युनिट लिहून दिलेली. शुगर पाचशे. म्हटलं, घेतोस ना? घेतो म्हणाला. म्हटलं, समोर भरून दाखव.

बाई : टोपण कुठल्या रंगाचं होतं?

डॉक्टर : (थांबून) नारिंगी. तुम्ही लगेच ओळखलंत.

बाई : दर वेळी पहिला वर्ग मी त्यावरच घेते. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज शंभराच्या बाटलीसाठी. मेडिकलवाल्याने हाताला आली ती दिली. त्यावर वीसची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर. चाळीसच्या बाटलीतून तेवढं भरलं की अंगात गेली फक्त आठ युनिट.

डॉक्टर : बरोबर आठच. आणि उलटं झालं असतं तर? शंभराचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत?

बाई : पन्नास. तो फडातच कोसळला असता. म्हणून विचारते, त्या माणसाला इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला हे कळायला हवं होतं की टोपणाचा रंग?

डॉक्टर : टोपणाचा रंग. पण बाई, हे म्हणजे माझंच म्हणणं झालं. त्याला रंग सांगा, बास. गणित सांगू नका.

बाई : नुसता रंग सांगितला तर दुकानात लाल नाही म्हटल्यावर तो नारिंगी घेऊन येईल. चाळीस आणि शंभर हे दोन आकडे बाटलीवर आणि सिरिंजवर जुळवून बघायचे, न जुळले तर घ्यायचं नाही, एवढं का ते कळलं तरच तो दुकानदाराला नाही म्हणू शकेल. ऊस किती टन तोडला आणि मुकादमाने किती मांडला, हा हिशेब त्याला तोंडी येतो. त्याला गणित येत नाही असं धरून चालू नकोस.

डॉक्टर : बरं. आणि ठेवायचं कुठे? फाल्गुन-चैत्रात पालात चाळीस अंश होतं.

बाई : न फोडलेली बाटली शक्यतो फ्रीजमध्ये, कुणाच्याही. चालू असलेली महिनाभर सावलीत राहते, फक्त फार तापता कामा नये. डबीत घालून, ती पाण्याच्या मडक्याशेजारी ओल्या वाळूत ठेवायची. बर्फात नाही, फ्रीजरमध्ये तर नाहीच, एकदा गोठलं की वाया गेलं. टोचायची जागा रोज बोटभर सरकवायची. एकाच जागी टोचून पोटावर गाठ येते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. तू शेवटचं कुणाचं पोट चाचपून पाहिलंस?

डॉक्टर : रोज नाही पाहत. पाहायला हवं.

बाई : मग आता दुसऱ्या वर्गाकडे. एकादशी.

डॉक्टर : त्यावर आपलं एकमत होईल.

बाई : बघू. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपली. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, वर केळं. त्याने शुगर चढते. पण खरी भीती दुसऱ्या प्रकारच्या माणसाची, जो निर्जळी करतो आणि ग्लिमेपिराइड मात्र नेमाने घेतो. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही! आज्ञाधारक पेशंट. दुपारी हातपाय कापायला लागतात, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. लोकांना वाटतं देवाचं काही झालं.

डॉक्टर : मी उपासच करू नका सांगतो.

बाई : आणि ते करतात. तुला न सांगता करतात. मग गोळीचं काय करायचं हे विचारायची सोयच राहत नाही. तू ‘करू नका’ म्हणालास की तुझं काम संपतं, त्यांचं नाही संपत. तेच त्या ‘दीक्षित की दिवेकर’ वादाचं. दोनदाच जेवा की दर दोन तासांनी खा, यावर घराघरात भांडणं झाली. निरोगी माणसाने काय ते करावं. पण ज्याला शुगर पाडणारी गोळी किंवा इन्सुलिन आहे, त्याने जेवणाची वेळ बदलण्याआधी औषध बदलून घ्यायला हवं, हे किती जणांना कुणी सांगितलं?

डॉक्टर : तो काळ मला आठवतो. महिन्याला चार-पाच लो शुगरचे यायचे. आणि त्यातल्या एकाच्या घरच्यांनी तोंडात पेढा कोंबलेला.

बाई : पेढ्यात तूप-खवा. साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

डॉक्टर : अपवाद सांगता का? ज्याला व्होग्लिबोज चालू आहे त्याला साधी साखर लवकर लागू पडत नाही. ती गोळी आतड्यात साखर फोडूच देत नाही. त्याला मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच द्यावी लागते.

बाई : (वहीत लिहीत) हे मला माहीत नव्हतं. या गुरुवारी सांगते. किती जणांना असेल ती गोळी?

डॉक्टर : आपल्याकडे पुष्कळांना. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यातलं एक ते असतं.

इथे डॉक्टर जिंकले, असं मी मुद्दाम लिहितो. रुग्णांनी रुग्णांना शिकवण्याची एक मर्यादा असते आणि ती नेमकी अशा जागी उघडी पडते. साखर द्या हा नियम सगळ्यांना माहीत, अपवाद फक्त औषध लिहिणाऱ्याला माहीत. तो अपवाद त्याने औषध लिहिताना चिठ्ठीवर उतरवला नाही, तर कुणाचा तरी घात ठरलेला.

बाई : आता मला एक सांग. तू पुरुष पेशंटला आहार सांगतोस तेव्हा कुणाकडे बघून सांगतोस?

डॉक्टर : त्यांच्याकडे. म्हणजे, बायको आलेली असते बहुतेक वेळा, तिच्याकडे.

बाई : आणि बाई पेशंट असते तेव्हा?

डॉक्टर : तिच्याकडे.

बाई : तिथेच चुकतं. पुरुषाला शुगर निघाली की घरात ज्वारी येते, भात कमी होतो, त्याच्यासाठी वेगळी भाजी टाकली जाते. बाईला निघाली की ती सगळ्यांचं आधीसारखंच करते आणि शेवटी उरलेलं खाते. उरतो तो भात. मुलांनी ताटात टाकलेली पोळी. टाकवत नाही म्हणून खाल्लेला शिरा. तिला तू कितीही आहार शिकव, तिच्या हातात पळी आहे, पण स्वतःच्या ताटात काय पडावं हे तिच्या हातात नाही. मी अशा बायकांच्या नवऱ्यांना बोलावते. सासूंना बोलावते. एक सासू म्हणाली, तिला काय धाड भरलीय, चालती-फिरती आहे, किडकिडीत तर आहे.

डॉक्टर : किडकिडीत माणसाला शुगर नसते, हा समज काही जात नाही.

बाई : मग मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगते. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र प्राध्यापक जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी कशी लपलेली असते ते एका चित्रात कळतं. ती सासू ऐकून गप्प बसली. पुढच्या गुरुवारी स्वतःची शुगर तपासून आली.

डॉक्टर : निघाली?

बाई : निघाली.

डॉक्टर : हे मला पटतं. घराला शिकवायचं. पण मशीनचं नाही पटत. पट्टीला पंधरा-वीस रुपये. लोक रोज सकाळी उपाशीपोटी मोजतात, एकशे अडतीस, एकशे बेचाळीस, एकशे छत्तीस. पुढे काय करतात? काहीच नाही. चिंता करतात. इन्सुलिन नसलेल्या टाइप टूच्या ४५० रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला. रोज मोजणाऱ्यांच्या आणि न मोजणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या शुगरमध्ये वर्षाअखेर फरक नव्हता.

बाई : रोज एकाच वेळी मोजून काहीच कळणार नाही, मान्य. पट्ट्या मोजक्या असतील तर जोडीने वापरायच्या. ही माझी वही बघ, गोळ्यांवर होते तेव्हाची. पोहे, बशीभर. खाण्याआधी ११८, दोन तासांनी २१४. दुसऱ्या दिवशी पोहे निम्मे, सोबत मटकीची उसळ. आधी १२१, नंतर १६८. तिसऱ्या दिवशी तेच, आणि वर वीस मिनिटं चालले. १४९. सहा पट्ट्या. त्यानंतर मला पोह्यांबद्दल कुणालाही विचारावं लागलं नाही. गुळाचंही असंच केलं. गूळ चालतो म्हणणारे किती भेटतात तुला?

डॉक्टर : रोज.

बाई : त्यांना उपदेश करू नकोस. चार पट्ट्या दे, साखरेचा चहा आणि गुळाचा चहा मोजून बघू देत.

(या वहीच्या पानापाशी मला थांबावंसं वाटतं. ‘पोहे खाऊ नका’ असं कुणी लिहून दिलं असतं, तर बाईंनी ते चार दिवस पाळलं असतं. ‘इतके पोहे, याच्यासोबत, आणि मग थोडं चाला’ हे त्यांना स्वतःच्या रक्ताने सांगितलं. डॉक्टरांच्या अभ्यासाने रोजचं निरर्थक मोजणं खोडून काढलं, ते योग्यच. पण प्रश्न मनात धरून मोजणं ही वेगळी क्रिया आहे.)

डॉक्टर : आणि ‘मधुमेहमुक्त व्हा’ म्हणून जे शिकवतात त्यांचं काय? तेही ज्ञानच देतात.

बाई : अर्धं देतात. ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात वजन भरपूर उतरवल्यावर वर्षाने ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. खरी गोष्ट आहे, आनंदाची आहे. पण ती माणसं मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली, वजनदार, इन्सुलिन न घेणारी होती. ही तीन वाक्यं जो गाळतो तो शिकवत नाही, विकतो. आणि टाइप वनच्या पोराचं इन्सुलिन जो बंद करायला लावतो, तो त्याचा जीव घेतो. याबाबत मी तुझ्यापेक्षा कडक आहे.

डॉक्टर : मग करायचं काय? माझी दोन-तीन मिनिटं तीच राहणार.

बाई : एक कागद कर. छापील, पण नावानिशी भरलेला. सगळ्यांना सारखा नाही. तुमचा आकडा किती असावा. शुगर लो झाली तर काय द्यायचं, साखर की ग्लुकोज. उपासाच्या दिवशी कुठली गोळी गाळायची. उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नाही, तर कुठली औषधं थांबवायची. मेटफॉर्मिन, आणि ज्या गोळीने लघवीतून साखर जाते ती. आणि इन्सुलिनवाल्याने जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, फोन करायचा, हे ठळक. पायांचं शेवटी : रोज रात्री तळवे बघायचे, शेकायच्या पाण्यात आधी कोपर घालायचं. तू फक्त टिकमार्क कर आणि सही कर. समजावायचं काम आमचं.

डॉक्टर : सही केली की जबाबदारी माझी.

बाई : आत्ताही तुझीच आहे. फक्त त्याच्या घरी पोहोचत नाही.

डॉक्टर : कागद करतो. पण इन्सुलिनचे युनिट वाढवण्या-घटवण्याचा रकाना मी त्यात टाकणार नाही.

बाई : का? तीन दिवस सकाळची शुगर ठरलेल्या आकड्याच्या वर तर दोन युनिट वाढव, एकदाही सत्तरच्या खाली गेली तर कमी कर आणि फोन कर. जगभर हे रुग्ण स्वतः करतात.

डॉक्टर : करतात, ज्यांना मशीन वाचता येतं, फोन लागतो, घरात दुसरं माणूस आहे. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना हा रकाना मी देणार नाही, तुम्ही रागावलात तरी. कुणाला द्यायचा ते मी ठरवणार.

बाई : ठरव. पण ज्याला नाही देणार त्याला कारण सांगशील?

डॉक्टर : सांगेन.

बाई : त्यांच्याकडे सून असते, बारावी झालेली. तिला शिकवलं तर?

डॉक्टर : आधी तिने माझ्यासमोर सिरिंज भरून दाखवायची. तीन वेळा, मी वेगवेगळे आकडे सांगेन.

बाई : आणि भरली बरोबर, तर?

डॉक्टर : तर महिनाभर तिच्यावर सोडतो. वही घेऊन येऊ दे. मग बघू.

बाई : शुक्रवारी आणते तिला. गर्दी संपल्यावर.